चार वर्षांच्या शिव्या

नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा, असं म्हणतात. शांतम्माच्या बाबतीत ही म्हणसुद्धा कमीच पडायची. तिचं नाव ज्यानं कुणी ठेवलं त्याला एकदा काठावर आणून तिचं बोलणं ऐकवायला हवं होतं. विष्णुपुरी धरणाच्या वरच्या अंगाला, गोदावरीच्या तुंबलेल्या पाण्याकाठी मासे धरणाऱ्यांची वीस-बावीस घरं आहेत. त्या वस्तीत कोंबड्याआधी शांतम्माचा आवाज उठायचा आणि त्यावर बाकीची घरं चुली पेटवायची.

तिचं माहेर देगलूरकडचं. बाप तलावावर जाळी टाकायचा आणि पोरगी चालायला लागली तशी त्यानं तिला होडीत बसवली. घरात तेलुगू आणि मराठीची खिचडी. रागाला मात्र भाषा लागत नव्हती. सोळाव्या वर्षी मलप्पाशी लग्न होऊन ती इथं आली आणि पहिल्या पावसाळ्यातच एका व्यापाऱ्याच्या काट्याखाली लोहचुंबक चिकटवलेलं तिनं शोधून काढलं. काटा पाण्यात गेला. व्यापारी काठावर उभा राहून कपाळ बडवत होता, आणि मलप्पा होडीच्या आड जाऊन हसत होता. तेव्हापासून माल मोजताना वस्तीतले लोक मुद्दाम तिला बोलावत. राग खरा होता, रास्त होता, आणि सगळ्यांच्या उपयोगाचा होता.

मग मलप्पा गेला, आणि त्या रागाला एकच घर उरलं.

चार वर्षांपूर्वी, दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी, मलप्पा आणि त्याचा धाकटा भाऊ हणमंत जाळं उचलायला गेले होते. मधल्या पाण्यात इंजिन बंद पडलं. वारा होडीला भलतीकडे ढकलू लागला तेव्हा मलप्पानं दोरी कंबरेला बांधून पाण्यात उडी मारली, होडी ओढत उथळाला न्यावी म्हणून. पाण्याखाली जुनी बाभळीची झाडं आहेत, धरण झालं तेव्हा बुडालेली, आणि त्या झाडांना कुणाकुणाची फाटकी जाळी अडकलेली असतात. मलप्पाचे पाय त्यात गेले आणि होडीच्या ओढीनं दोरी तुटली. हणमंतनं बुड्या मारमारून पाहिलं. मलप्पा दुसऱ्या दिवशी दुपारी सापडला.

इंजिन हणमंतच्या हातातलं. तेल-पाणी तो बघायचा, पाना-पक्कड त्याच्या पिशवीत. मग दोष दुसऱ्या कुणाचा असणार? तिसऱ्या दिवशी, घरात माणसं जमलेली असताना, शांतम्मा त्याला म्हणाली, "इंजिन न बघता पाण्यात नेलंस. माझा मालक तू खाल्लास." हणमंतनं मान खाली घातली. ती जी घातली ती पुन्हा वर केली नाही, आणि लोकांना तेवढा पुरावा बास होता.

आता यातली गंमत बघा, गंमत म्हणायची तर. होडी एकच, दोन्ही घरांची मिळून. जाळं एकट्यानं उचलता येत नाही. बाराव्यानंतर पंधरा दिवसांनी शांतम्मा पहाटे काठावर गेली तर हणमंत आधीच होडी धुऊन बसलेला. ती काही न बोलता पुढच्या टोकाला जाऊन बसली, त्याच्याकडे पाठ करून. तेव्हापासून रोज तसंच. जाताना पाठ, येताना पाठ, आणि बोलायचं ते शिवीतून. "मुडद्या, डावीकडं घे." "डोळे फुटले का, जाळं तिथं हाय." हणमंत डावीकडं घ्यायचा. तो तिला वदिना म्हणायचा, म्हणजे वहिनी; ती त्याला नाव घेऊन एकदाही बोलली नाही. माणूस इतकं ऐकून घेतो म्हणजे त्याच्या पोटात पाप असलंच पाहिजे, असं ती म्हणायची. लोकांनाही ते पटायचं.

दसऱ्याला इंजिनाची पूजा व्हायची. शेतकरी नांगराची करतो, शिंपी मशीनची करतो, तशी ही. मलप्पा होता तेव्हापासून ती शांतम्माच करायची आणि त्यात कुणाला बोट घालू द्यायची नाही. इंजिन घासूनपुसून काठावरच्या दगडावर ठेवायचं, झेंडूची माळ, हळद, मूठभर कुंकू. नारळ दगडावर फोडायचा असतो, पण तिच्या बापाकडची रीत वेगळी होती. ज्याची पूजा त्याच्याच डोक्यावर फोडायचा आणि पाणीही त्याच्याच डोक्यावरून सोडायचं, म्हणजे वर्षभर ते तहानत नाही. या इंजिनाचं डोकं म्हणजे पेट्रोलच्या टाकीचं झाकण. झाकणाला हवा जायला बारीक भोक असतं. त्या भोकाकडं कोण बघतो?

या वर्षीही तिनं तसाच नारळ फोडला. हणमंत बाजूला उभा होता. "वदिना, औंदा दगडावर फोडला तर," एवढंच तो म्हणाला.

"तुझ्या डोक्यावर फोडू का?" शांतम्मा म्हणाली, आणि विषय संपला.

दुसऱ्या दिवशी पहाटे तिला घाई होती. वर कुठं कुठं परतीचा पाऊस झाला होता, पाणी चढत होतं, धरणाचे दरवाजे उघडायच्या आधी जाळं काढायचं होतं. ती अंधारातच काठावर आली, होडी स्वतः पाण्यात ढकलली आणि बसली. हणमंत धावत आला, हातात पिशवी.

"वदिना, धा मिंटं. इंजिन जरा खोलून बघतो."

"चार वर्षांनी शहाणपण सुचून राहिलं का? तवा खोललं असतंस तर तो जिता असता. बस गुमान."

तो बसला. माणूस गप्प राहायला लागला की त्याची तीच सवय होते, आणि दुसऱ्याला त्याला गप्प बसवायची.

इंजिन चांगलं चाललं. जाळ्यात रहू होते, दोन मोठे कटले होते. अर्धं जाळं होडीत आलं तेव्हा धरणाकडून भोंगा वाजला, लांब, तीनदा. दरवाजे उघडायच्या आधी वाजतो तो. वस्तीतलं शेंबडं पोरही या भोंग्याचा अर्थ जाणतं: मधल्या पाण्यात असाल तर काठ गाठा, कारण आता सगळं पाणी एकाच दिशेला ओढणार. शांतम्मानं सुरीनं जाळं कापलं, अर्धं सोडून दिलं, आणि म्हणाली, "चल."

हणमंतनं दोरी ओढली. इंजिन लागलं, दहा-बारा हात होडी गेली, मग खोकलं. पुन्हा खोकलं आणि बंद पडलं.

शांतम्माच्या अंगात जे उसळलं ते भीतीच्या आधीचं होतं. तिला वाटलं, पुन्हा. पुन्हा याच माणसाच्या हातात, पुन्हा याच पाण्यात. ती वळली, चार वर्षांत पहिल्यांदा होडीत त्याच्याकडे तोंड करून बसली, आणि आठवेल ती शिवी दिली. त्याच्या आईला दिली, जी तिचीच सासू होती. हणमंत दोरी ओढत होता. ओढतोय, ओढतोय, इंजिन नुसतं फुसफुसतंय.

होडी वळू लागली. वारा नव्हता तरी वळत होती. लांबवर दरवाज्यांच्या अलीकडे तांबड्या पिंपांची ओळ दिसत होती, तिच्यापुढं कुणी जायचं नाही अशी. आणि होडीचं तोंड त्याच ओळीकडं झालं होतं.

दगड बांधलेली दोरी शांतम्मानं टाकली. ती तळाला लागलीच नाही. मग तिनं एकुलतं वल्हं घेतलं. शिव्या तोंडानं चालू आणि हातानं काम चालू, ही तिची जुनी रीत. डाव्या हाताला एका बुडालेल्या बाभळीचा शेंडा पाण्याबाहेर होता. मोटेच्या बैलासारखं अंग टाकून तिनं होडी तिकडं ढकलली, जवळ येताच वल्हं होडीत टाकून दोन्ही हातांनी फांदी धरली. काटे तळव्यात गेले. तिनं तशीच पुढची दोरी फांदीला दोन वेढे मारून बांधली. होडी ताठ उभी राहिली, दोन्ही बाजूंनी पाणी चिरत जाऊ लागलं. वाळलेलं झाड ते, करकरायला लागलं.

तिनं मागं पाहिलं. हणमंत अजून इंजिनाची दोरीच ओढत होता.

"खोल ना ते. पिशवीत पाना घेऊन काय पूजा करून राहिला?"

"वदिना, तुमी पुढं बघा. दोरी धरून बसा."

"दोरी बांधली मी. खोल."

"तुमी तिकडं तोंड करा, मग खोलतो."

मरण समोर दिसत असताना हा माणूस तिला तोंड फिरवायला सांगत होता. मग तिला कळलं, म्हणजे तिला वाटलं की कळलं: यानं काहीतरी केलंय. इंजिनात याचं काहीतरी पाप आहे आणि ते ती बघेल म्हणून हा भितोय. ती मासे तुडवत मागं गेली, त्याच्या हातातून पाना हिसकला आणि म्हणाली, "कुठला इस्क्रू, दाव. न्हाईतर तुला आत्ताच पाण्यात टाकते."

टाकीखाली इंजिनाच्या बगलेला एक लहानशी वाटी असते. पेट्रोल आधी तिच्यात येतं आणि मग पुढं जातं. पेट्रोलात पाणी मिसळलं तर ते जड म्हणून याच वाटीत तळाला बसतं. तिच्या बुडाशी एक स्क्रू. हणमंतनं बोटानं दाखवला आणि डोळे मिटले. शांतम्मानं तो सैल करून हातात काढून घेतला. खाली माशांचं माप घ्यायचा पत्र्याचा डबा धरला.

आधी जे पडलं ते पेट्रोल नव्हतं. थेंब थेंब, जाडसर, लालसर पाणी. त्याच्यामागं एक नारळाचा बारीक तंतू आला आणि डब्याच्या कडेला चिकटला. तो लाल रंग तिला ओळखायला वेळ लागला नाही. देगलूरच्या बाजारातून ती वर्षाचं कुंकू एकदम आणते, ते असंच विटकरी असतं. वास आंबूस, कालच्या नारळाचा.

तिनं डब्याकडं पाहिलं. मग हणमंतकडं पाहिलं. तो इंजिनाकडं बघत होता.

"त्या दिवशी," ती म्हणाली. "त्या दिवशीबी दसऱ्याचा दुसरा दिवस होता."

"झाड मोडतंय, वदिना. टाकी रिकामी करू द्या."

"हणमंत, त्या दिवशी काय निघालं होतं?"

चार वर्षांत पहिल्यांदा तिनं त्याला नावानं हाक मारली होती. त्यानं टाकी उलटी करून तळाचं पेट्रोल पाण्यात ओतलं, चावी बंद ठेवून पिशवीतल्या बाटलीतलं नवं भरलं, आणि हे सगळं करत करत, तिच्याकडं न बघता बोलला.

"दादा सापडल्यावर चार दिसांनी खोललं. हेच निघालं. कुंकू, पाणी. मग मी काय करू? तुमी जेवत नव्हत्या, झोपत नव्हत्या. हे सांगितलं असतं तर तुमी त्याच पाण्यात गेल्या असत्या. मला शिव्या देऊन देऊन तरी जगून राहिल्या होत्या. मग दर साली दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी मी आधी येऊन गाळून टाकायचो. आज तुमी आधी आल्या."

शांतम्माला वाटलं रडू येईल. आलं नाही. आला तो रागच, पण असा की कुठं ठेवावा ते कळेना. स्वतःवर ठेवायला गेली तर तो मावेना. म्हणून तिनं तो पुन्हा त्याच्यावरच टाकला.

"तुला कुणी सांगितलं होतं माझ्यासाठी मरायला? मला का न्हाई बोललास? मी काय लेकरू हाय? चार वर्षं मला येडी करून ठेवलीस."

"हाव," हणमंत म्हणाला. "तो इस्क्रू द्या."

स्क्रू तिच्या हातात नव्हता. बोलता बोलता पडला होता. तेवढ्यात फांदी मोडली. होडी हिसका देऊन सुटली आणि आडवी होऊन वाहू लागली. बोलायचं तिथंच थांबलं. शांतम्मा गुडघ्यांवर पडून होडीच्या तळाला साचलेल्या पाण्यात, माशांच्या खाली, काटे रुतलेल्या बोटांनी चाचपू लागली. खवले लागत होते, जाळ्याची गाठ लागत होती. नवरा आपण मारला हे कळलेल्या बाईला त्या वेळी एका स्क्रूखेरीज दुसरं काही सुचत नव्हतं, आणि तेच बरं होतं. एका कटल्याच्या गालाखाली तो सापडला. तिनं पदराला पुसून तो दिला. हणमंतनं तो आवळला, थोडं पेट्रोल वाटीत उतरू दिलं, दोरी ओढली.

तीनदा काही झालं नाही. पिंपांची ओळ आता इतकी जवळ होती की त्यांच्यावर बसलेले बगळे मोजता आले असते. चौथ्यांदा इंजिन खोकलं. पाचव्यांदा लागलं, धूर ओकत, आणि हणमंतनं दांडा पोटाशी दाबून होडी वळवली. प्रवाहाशी उभं भांडण नको म्हणून तिरकी घेतली, काठाच्या दिशेनं. बराच वेळ वाटत होतं की होडी जागच्या जागी आहे. मग बगळे लहान दिसू लागले.

काठावर वस्ती जमली होती. गुरुबसप्पा चहावाला पुढं आला, त्याचं दुकान बंधाऱ्यावर आहे आणि वस्तीतलं सगळं त्याला आधी दिसतं. त्यानं हात देऊन शांतम्माला उतरवलं आणि हणमंतकडं बघून म्हणाला, "काय रे, वहिनीलाबी नेतो का भावाच्या मागं?" दोघे-चौघे हसले. शांतम्मानं हे बोलणं याआधी शंभरदा ऐकलं होतं, त्यातलं निम्मं तिनंच शिकवलेलं. मासे नाही घेतले, वल्हं नाही घेतलं. तळव्यांतून रक्त येत होतं तशी ती चालू लागली, आणि हणमंत तिच्यामागं, "वदिना, नका, वदिना" करत.

हणमंतच्या घराचा उंबरा तिनं चार वर्षं ओलांडला नव्हता. दारात त्याची बायको लक्ष्मम्मा तांदूळ निवडत होती. अंगानं बारीक, आवाज त्याहून बारीक. वस्तीत तिला कुणी मोठ्यानं बोलताना ऐकलेलं नाही. नळावर शांतम्मा आली की ती हंडा अर्धा सोडून निघून जायची.

शांतम्मा दारात उभी राहिली. सांगायचं कसं ते तिला येत नव्हतं. शिवीशिवाय बोलायची सवयच मोडली होती.

"मालक मी मारला," ती म्हणाली. "माझ्या नारळानं. तुझ्या मालकानं न्हाई."

लक्ष्मम्माचा हात सुपात थांबला. तिनं शांतम्माकडं न बघता नवऱ्याकडं बघितलं.

"तिला कळलं?"

हणमंतनं मान हलवली.

"तुमी सांगितलं का तिनं बघितलं?"

"तिनं बघितलं."

लक्ष्मम्मानं सूप बाजूला ठेवलं, उठली, पदर खोचला. "मग सुटली म्हणा," ती म्हणाली.

तेव्हा शांतम्माच्या ध्यानात आलं की हिलाही ठाऊक होतं. पहिल्यापासून ठाऊक होतं. हणमंतनं बायकोला स्वतःच्या जिवाची शपथ घातली होती, आणि घातलेली शपथ घालणाऱ्यानं सुटली म्हटल्याशिवाय सुटत नाही. चार वर्षं ही बाई नवऱ्याचा जीव दातांखाली धरून नळावर उभी होती.

"जाऊ दे आता," हणमंत म्हणाला.

"सुटली म्हणा."

"सुटली."

मग लक्ष्मम्मा बोलू लागली. आवाज चढवला नाही, हात नाचवले नाहीत, त्यामुळे ऐकणं जास्तच कठीण होतं. ती म्हणाली, भाऊजी गेले त्या महिन्यात तुझी चूल पेटत नव्हती. भाकरी मी थापायचे आणि शेजारणीच्या हातानं पाठवायचे, माझी म्हटलं तर तू खाणार न्हाईस म्हणून. ती भाकरी खाऊन तू दारात बसून माझ्या मालकाच्या नावानं खडे फोडायचीस, आणि मी इथं ऐकायचे. ती म्हणाली, माझा मालक झोपेत बुडी मारतो, रोज, दादाला शोधायला, आणि सकाळी उठून तुझ्यासाठी होडी धुवायला जातो. ती म्हणाली, दोन साल झाले, लोह्याचे पाहुणे आमच्या अक्षराला बघायला आले होते. चांगलं घर होतं. पोरीनं साडी नेसली होती. ते नळापाशी रस्ता इचारायला थांबले आणि तू त्यांना रस्ता सांगितलास, आणि सोबत हेबी सांगितलंस की हे घर भाऊ खाणाऱ्याचं हाय. ते दारापर्यंत आलेच न्हाईत. पोरगी सांजेपर्यंत नेसलेली बसून होती, आणि मी तिला कारणबी सांगू शकत नव्हते.

ते पाहुणे शांतम्माला आठवले. पांढरी गाडी होती. त्या दिवशी घरी आल्यावर तिला बरं वाटलं होतं, तेही आठवलं.

तिनं तोंड उघडलं. जन्मभर कुणाचंही बोलणं तिनं पुरतं होऊ दिलं नव्हतं, आणि आताही जिभेवर काहीतरी आलंच होतं, माफी असेल किंवा आणखी काही.

"मधी बोलू नको," लक्ष्मम्मा म्हणाली. "चार सालाचं हाय. आत्ता कुठं दुसरं साल चालू झालंय."

शांतम्मा उंबऱ्याच्या बाहेर, जमिनीवर खाली बसली.